कोट पुढे, मी मागे

परळच्या इब्राहीमचाचांनी आपल्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात मला झोपायला जागा दिली नसती, तर मी गुरांचा डॉक्टर झालो नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत त्यांच्याकडून मिळालेल्या एका कोटाची आहे.

माझे वडील सासवडच्या बाजारात पोती वाहत. आमच्या घरात माझ्याआधी कोणाला सही करता येत नव्हती. सासवडच्या शाळेतल्या मास्तरांच्या खटपटीने मला मुंबईत कॉलेजात जागा मिळाली, पण रात्री पाठ टेकायला मुंबईत जागा नव्हती. चाचा मूळचे सोलापूरकडचे, मराठी आपल्यासारखेच बोलणारे. त्यांनी माझी वळकटी पाहिली आणि दुरुस्तीला आलेल्या एका मोटारीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिच्या मागच्या बाकावर झोप. गाडी गेली की दुसरी येईल." कॉलेजची सगळी वर्षे मी अशी दुसऱ्यांच्या मोटारींत काढली. अभ्यासासाठी ते एक दिवा चालू ठेवून घरी जात. फटफटी चालवायलाही त्यांनीच शिकवले.

त्यांचा एकुलता एक मुलगा युसूफ मी तिथे जाण्यापूर्वीच वारला होता. वैशाखातल्या दुपारी तो फटफटी घेऊन खंडाळ्याकडे निघाला. उकडते म्हणून चामड्याचा कोट दुकानातच खुंटीला ठेवून नुसत्या सदऱ्यावर गेला. घाटात गाडी घसरली. कोट खुंटीवरच राहिला.

मला भोर संस्थानात नोकरी लागली आणि कामाला एक जुनी फटफटी मिळणार असे कळले, तेव्हा चाचांनी तो कोट काढून माझ्या अंगावर चढवला. खांदे जरा सैल होते.

"उकडेल," ते म्हणाले. "उकडू दे. उकाड्याने माणूस वैतागतो, रस्त्याने माणूस जातो. गाडीवर बसलास की हा अंगात. कबूल?"

मी कबूल म्हणालो.

भोर

भोरला मला कोणी वाईट वागवले नाही. पण जवळही कोणी बसले नाही. फटफटीचा आवाज ऐकून पोरे गाडीभोवती जमत, मोठी माणसे लांबून नमस्कार करत. माझ्या डोक्याला चामड्याची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, गुडघ्यापर्यंत खाकी पट्ट्या आणि अंगात तो कोट. मी गुरांना औषध द्यायला आलोय की कोणाला धरून न्यायला, हे कळायला लोकांना वेळ लागे, आणि कळल्यावरही ते सैलावत नसत. संध्याकाळी नीरेच्या काठाने एक चक्कर मारायची, खानावळीत जेवायचे, खोलीवर येऊन कोट खुंटीला अडकवायचा. बोलायला तोच.

फाल्गुन संपला तसा तो कोट अंगावर घालणे म्हणजे तापलेल्या तव्यात शिरण्यासारखे होऊ लागले. उन्हाळ्यात कोणाला अशी सवारी करावी लागली तर उपयोगी पडेल म्हणून माझे प्रयोग लिहितो. कोटाच्या आत ओला पंचा छातीला गुंडाळावा आणि वरची दोन बटणे उघडी ठेवावीत. वारा गळ्यातून शिरतो, ओल्या कापडावरून जातो आणि थोडा वेळ खरोखर थंड वाटते. पायांच्या पट्ट्या कितीही गरम झाल्या तरी सोडू नयेत, कारण इंजिनाची धग उघड्या नडगीला उन्हापेक्षा वाईट भाजते. टोपीखाली कांद्याच्या चकत्या ठेवाव्यात. त्याने ऊन बाधत नाही, फक्त खानावळीत शेजारचा माणूस ताट उचलून दुसरीकडे जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे थांबू नये. चालत्या गाडीवर कोट सोसवतो. थांबलात की त्याची भट्टी होते.

वैशाखात बातमी आली की वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरातल्या वाड्यांवर बुळकांडी आली आहे. हा रोग एकदा गोठ्यात शिरला की डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग छेरा, आणि आठवडाभरात गोठा रिकामा. माझ्याजवळ लसीची पेटी होती. ती घेऊन मी निघालो. रोग जिथे शिरला होता तिथे माझे फार चालणार नव्हते, जिथे अजून शिरला नव्हता तिथे त्याच्या आधी पोहोचायचे होते.

लस थंड राहायला हवी. म्हणून पेटी ओल्या गोणपाटात गुंडाळून मागे बांधली आणि पाण्याची कॅनव्हासची पिशवी पुढे टांगली. त्या पाण्यावर पहिला हक्क पेटीचा, दुसरा पंच्याचा, तिसरा माझा.

मार्गासनी

कापूरहोळ, नसरापूर मागे पडेपर्यंत ऊन कोवळे होते. नसरापूरहून पश्चिमेला वळलो आणि गाडीवाट सुरू झाली. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत फुफाटा भरलेला, मध्ये मुरमाचे उंचवटे. दोन्ही बाजूंना शेते नांगरून पडलेली, ढेकळे विटांसारखी भाजून निघालेली. पुढे डोंगरांच्या रांगा धुरकट दिसत. अशा वाटेवर गाडी सावकाश चालवावी लागते, आणि सावकाश चालवली की वारा लागत नाही.

मार्गासनीला पोहोचलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वाटेकडेच्या आंब्याखाली काही शेतकरी बसले होते. मला पाहताच ते सगळे उठले, सावलीतली सगळ्यात चांगली जागा मला दिली आणि स्वतः उन्हात जाऊन उभे राहिले. मी कितीदा बसा म्हणालो, पण कोणी बसेना. एका बाईने घरातून ताकाचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला.

एक म्हातारा मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होता. न राहवून त्याने विचारले, "सायेब, थंडी वाजती का काय?"

"नाही हो. पडलो तर लागू नये म्हणून घालतो."

"पडायचं असंल तर बसायचं कशाला तिच्यावर?"

बाकीचे तोंड फिरवून हसले. मीही हसलो, पण माझे हसू त्यांच्या हसण्यात मिसळले नाही. ताक पिऊन मी पिशवीतले पाणी पेटीवर ओतले. म्हातारा पुन्हा म्हणाला, "आरं, स्वताला न्हाई, पेटीला पानी घालतोय. पेटीत काय हाय, सायेब?"

"गुरांचं औषध. बुळकांडीचं."

हसणे थांबले. म्हाताऱ्याने माझ्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि विहिरीवरून भरून आणून दिली.

वेल्हे

वेल्ह्याला दिवस कलताना पोहोचलो. तोरण्याचा डोंगर एवढा जवळ येतो की बाजारातली चार दुकाने त्याच्या पायाशी ठेवल्यासारखी दिसतात. मला चावडीत उतरायला जागा मिळाली. नाचणीची भाकरी आणि वरण आले. आमच्याकडे सासवडला उन्हाळ्यात पाव्हण्याला जेवताना गप्पांनीच अर्धे पोट भरवतात. इथे वाढून देणारा माणूस दारापलीकडे उभा राहिला आणि मी जेवलो. बरोबर कोणी असते तर भाकरी इतकी कोरडी लागली नसती. सकाळी गाडी सुरू केली तेव्हा निदान तिच्या आवाजाची सोबत झाली.

धनगरवाडा

गवळी धनगरांची पहिली वाडी डोंगराच्या सोंडेवर होती. गाडी खाली ओढ्यापाशी ठेवून मी पेटी खांद्यावर घेतली आणि चढलो. कोट अंगातच होता. काढून हातात घेतला तर पेटी धरता येईना.

वाडीच्या तोंडाशी दोन झाडांमध्ये कडुलिंबाच्या डहाळ्यांची दोरी बांधलेली होती. एका झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेले दगड मांडले होते. मी दोरीखालून वाकून जाणार तोच एक बाई काठी आडवी धरून पुढे आली. पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत.

"थांबा तितंच! अंगावर काय हाय?"

"कोट."

"कशाचा?"

"चामड्याचा."

"म्हंजी मेल्या ढोराचं कातडं. आन् हितं आमी ढोरं जगवाय बघतोय. बुटं बी कातड्याची, टोपी बी कातड्याची. सायेब हायसा का खाटीक?"

मी पेटी दाखवली, औषध सांगितले. ती ऐकून घेत होती, पण काठी हलली नाही. मग मला उमगले की तिचे म्हणणे खरे तर माझ्या पुस्तकातलेच आहे. रोगाच्या दिवसांत मेलेल्या जनावराचे कातडे गोठ्याजवळ आणू नये, हे मीच गावोगाव सांगत असे. माझा कोट जुना, कमावलेला, त्यात रोग नव्हता. पण काठीपलीकडच्या बाईला ते मी कसे पटवणार होतो? मी बूट काढून वाटेच्या कडेला ठेवले, टोपीही ठेवली. कोट मातीत ठेवायला मन होईना. चष्मा त्याच्या खिशात घातला आणि कोट झाडाच्या फांदीला अडकवला. फटफटीवर नव्हतो, तेव्हा चाचांना दिलेला शब्दही मोडत नव्हता.

अनवाणी दोन पावले टाकली आणि मी उड्याच मारायला लागलो. बाईला हसू आवरेना. "आगं बया, सायबाचं पाय कापसाचं!" ती आत गेली, एक काळी घोंगडी रांजणात बुचकळून आणली आणि माझ्या अंगावर फेकली. "घ्या. भाजून निगालं तर सुई कोन टोचनार?"

तिचे नाव गंगूबाई. ओल्या घोंगडीचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. पण लोकरीतून वारा आरपार गेला आणि माझी पाठ महिन्यानंतर प्रथम गार झाली. भर वैशाखात हे लोक घोंगडी का पांघरतात, याचे मला नवल वाटत असे. ते संपले.

दुपार कलेपर्यंत मी म्हशींना आणि गायींना लस टोचत होतो. गंगूबाई प्रत्येक म्हशीला नावाने हाक मारून शिंगे धरी आणि म्हैस बिथरली की म्हशीऐवजी मला दटावी. वाडीतला वडीलधारा माणूस म्हाळूआबा. ते बाजूला बसून फक्त पाहत होते. काम आटोपल्यावर मी परत झाडाशी आलो. बूट होते. टोपी होती. फांदीवर कोट नव्हता.

मी ओरडलोच. म्हाळूआबा मागून सावकाश आले.

"आबा, माझा कोट?"

"गाड्यावर गेला."

"कोणत्या गाड्यावर?"

"मरीआयच्या. तुमी टोचत हुता तवा खालच्या गावानं गाडा आनला आमच्या येशीवर. आमच्या पोरांनी वडला आन् फुडच्या येशीवर न्येऊन सोडला."

रोग आला की गाव मरीआईचा लाकडी गाडा सजवते. सुपात खण, बांगड्या, नारळ ठेवते आणि तो ओढून आपल्या हद्दीबाहेर नेऊन ठेवते. पुढचे गाव तो आपल्या हद्दीतून पुढच्या वेशीवर नेते. त्याच्याबरोबर रोगही जातो अशी समजूत. हे मला माहीत होते. पण माझा कोट?

"आबा, तो मी ठेवला होता. दिला नव्हता."

"झाडाला टांगला न्हवं? त्ये आयचं झाड. झाडाला टांगलं म्हंजी आयला दिलं. ठिवायचं तर खाली ठिवायचं." त्यांनी बुटांकडे बोट केले. "बुटं खाली ठिवली. ती हायत न्हवं?"

पोरांचे काही चुकले नव्हते. माझेही चुकले असे मला वाटत नव्हते. आणि कोट युसूफचा होता.

गाड्याच्या मागे

गंगूबाईने घोंगडी परत घेतली नाही. "न्हेवा. येताना द्या," म्हणाली आणि कंबरेला बांधायला एक सुंभाची दोरी दिली. असा मी धनगराचा पेहराव करून फटफटीवर बसलो. चाचांना दिलेला शब्द मोडला तो त्या क्षणी. मनाशी म्हणालो, पुढच्या वेशीपर्यंतच.

पुढच्या वेशीवर गाडा नव्हता. त्या वाडीने तो लगेच पुढे नेला होता. वेशीवर माणसे उभी होती, आणि मला पाहून कोणी दूर सरकले नाही.

"कोटवाला आला!" एक जण म्हणाला. "दाक्तर, तुमचा कोट लई झ्याक. आमी त्याला काठी घालून हुबा केला."

"उभा केला?"

"गाडीवान म्हनून. खिशात काळा चश्मा घावला, त्यो बी डोळ्याच्या जागी बांधला. आयच्या गाड्याला आजपातुर कुनी गाडीवान न्हवता."

मला तसाच पुढे जाता आले असते. पण वाडीत गुरे होती, रोग अजून आलेला नव्हता आणि पेटीत लस होती. ती टोचेपर्यंत गाडा आणखी एक वेस ओलांडून गेला. पुढच्या वाडीवरही तेच. मी पोहोचायचो आणि लोक सांगायचे, कोट गेला. गाडा कुठे रोगाच्या गोठ्यात नेत नाहीत, वेशीवेशीनेच जातो, याचे मला त्यातल्या त्यात बरे वाटे. मी पोहोचण्याआधीच लोकांना मी कोण ते ठाऊक असे, त्यामुळे माझे काम मात्र सोपे झाले. ज्याने मरीआईला आपला कोट दिला त्याची सुई घ्यायला हरकत कोणाची? मी दिला नाही, हे मी पहिल्या दोन ठिकाणी समजावून सांगितले. नंतर सांगणे सोडले.

घोंगडीचेही गुणदोष लिहितो. ओढा दिसला की भिजवावी, कोसभर तरी गारवा राहतो. सुकली की काट्यासारखी टोचते. तिचे टोक वाऱ्याने उडून धुराच्या नळीला लागले तर करपते. असे दोनदा झाले आणि करपलेल्या लोकरीच्या वासाने मी गाडी पेटली म्हणून उडी मारली. चष्म्याविना डोळ्यांत धूळ जाई. डोळे पुसायला एक हात सोडावा लागे, आणि एका हाताने मुरमावर गाडी आवरत नाही.

खिंड चढताना तेच झाले. पुढचे चाक सुट्या मुरमात घसरले आणि मी डाव्या अंगावर पडून घसटत गेलो. आधी पेटी पाहिली. ती शाबूत होती. मग हात पाहिला. कोपरावर घोंगडी आरपार घासून गेली होती आणि खालची कातडीही. चामडे असते तर ओरखडासुद्धा उठला नसता. वारा आत येऊ देणारी वस्तू रस्ताही आत येऊ देते, हे मला त्या मुरमात बसल्या बसल्या कळले.

तिथे आसपास कोणी नव्हते. करवंदाच्या जाळ्या, तापलेला कातळ आणि वर घिरट्या घालणारी एक घार. मी हाताला पंचा बांधला. मला युसूफचा विचार आला, ज्याला मी कधी पाहिले नाही. तोही असाच रस्त्यावर एकटा पडला असेल. फरक एवढाच की मी उठून गाडी उभी करू शकलो. रडू आले तरी कोणी पाहणार नव्हते, म्हणून आवरले नाही.

घाटमाथा

शेवटची वाडी घाटमाथ्यावर आहे. तिच्यापलीकडे जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसते, धुक्यासारख्या उष्ण वाफेत बुडालेले. तिथे गाडा मला सापडला.

कड्याजवळच्या सपाटीवर तो उभा होता. वाडीची सगळी माणसे भोवती जमली होती. आणि गाड्यावर मी बसलो होतो. असेच मला क्षणभर वाटले. कोटाच्या बाह्या काठीवर पसरलेल्या, वर मडक्याचे डोके, त्यावर माझा काळा चष्मा. पण मडक्याला हळदकुंकू फासलेले, गळ्यात चाफ्याची माळ. एक बाई पुढे झाली, तिने कोटाच्या छातीवरची धूळ पदराने पुसली आणि पाया पडली. मी तोच कोट घालून भोरात इतके महिने हिंडलो होतो. माझ्या इतक्या जवळ कोणी आले नव्हते.

वाडीच्या पाटलांनी मला ओळखले. दाढी पांढरी, बोलणे हळू. "यावा, दाक्तर. गाडा लोटायचाच हुता. तुमची वाट बघत हुतो."

"पाटील, तो कोट मला परत हवा आहे."

पाटलांनी विचार केला.

"घ्या की. आमी न्हाई म्हननार न्हाई, तुमचीच जिन्नस. पर गाड्यातनं काय बी काडलं तर गाडा पार झाला न्हाई. त्यो माघारी फिरतो. मंग ह्यो आला तसा समद्या वाड्यांतनं परत न्यावा लागंल." त्यांनी गोठ्यांकडे हात केला. "आन् तवर गोठ्याचं दार उगडत न्हाईत आमी. कुनालाच न्हाई."

एका तरुणाने तेवढ्यात टोला हाणला, "पाटील, कोटापायी दाक्तरला रडू येतंय बगा. दुसरा शिवून मिळत न्हाई व्हय भोरात?"

"गप ऱ्हा रं," पाटील म्हणाले.

मी खाली बसलो. पेटीत या वाडीपुरती लस उरली होती आणि उन्हात ती फार टिकणार नव्हती. ज्या वाड्यांनी मला गोठ्यात घेतले ते गाडा पुढे गेला या भरवशावर. तो परत फिरला तर माझ्या सुईवर कोणाचा विश्वास राहणार? आणि दुसऱ्या बाजूला परळच्या दुकानातली ती रिकामी खुंटी. ज्या बापाने ती वस्तू इतकी वर्षे जपली आणि मग माझ्या अंगावर चढवली, त्याला न विचारता मी तिचे काय करणार होतो? विचारायला ते जवळ नव्हते. मला सल्ला देणारे तिथे कोणीच नव्हते.

शेवटी मी म्हणालो, "लोटा गाडा."

पाटलांनी लगेच लोटला नाही. ते जवळ येऊन बसले. अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. "कोट तुमचा न्हवं काय? दुसऱ्या कुनाचा हाय?"

"हो. तो वारला. मी ज्यांना बापाच्या ठिकाणी मानतो त्यांचा मुलगा."

"नाव सांगा. दिल्याली जिन्नस नावानिशी जावी लागती. बिननावाचं आय घेत न्हाई."

"युसूफ."

दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिले. मघाचा तरुण म्हणाला, "मुसलमानाचा?"

"आयच्या गाड्यावर बसला, आता जात इचारतोस व्हय?" पाटलांनी त्याला झिडकारले. मग ते उभे राहिले आणि कड्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "ईसूपदादाचा कोट हाय, आय! ईसूपदादाच्या नावानं घे, आन् ढोरं ठिव!"

माणसांनी खांदा लावला. गाडा कड्यावरून गेला, दोनदा आदळल्याचा आवाज आला, मग काही ऐकू आले नाही.

"खालच्या लोकांचं काय?" मी विचारले.

"त्ये समुद्रात लोटत्याल," कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मी खालच्या बाजूच्या डॉक्टरांना पत्र लिहायचे ठरवले.

पाटलांनी स्वतः पहिल्या गोठ्याचा अडसर काढला.

परतीच्या वाटेवर मी प्रत्येक वाडीवर थांबलो. टोचलेल्या गुरांपैकी काही गेली. ज्यांना आधीच लागण झाली होती ती. बाकीची उभी होती. गंगूबाईला घोंगडी द्यायला गेलो, तर तिने कोपराजवळचे भोक पाहिले, माझा हात पाहिला आणि म्हणाली, "आता ठिवा. भोकाची कोन पांगरंल?" भोरला पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी मी परळला पत्र लिहिले. चाचांना अक्षर लागत नाही, जावई वाचून दाखवतात. म्हणून जमेल तितके सोपे लिहिले. ते असे:

तीर्थस्वरूप चाचांना सप्रेम सलाम.

मी बरा आहे. डाव्या कोपराला खरचटले आहे, भरत आले आहे. जावईबापूंनी हे वाक्य दोनदा वाचावे, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला माझी काळजी वाटणार नाही.

युसूफभाईंचा कोट आता नाही. चोरीला गेला नाही, मी हरवलाही नाही. डोंगरातल्या लोकांनी तो चुकून आपल्या देवीच्या गाड्यावर चढवला. मला तो परत घेता येत होता. घेतला असता तर तिथल्या गुरांना लस टोचता आली नसती. मी घेतला नाही. तुम्हाला विचारायला हवे होते, पण विचारायला वेळ नव्हता आणि वाट पाहायला लस थांबली नसती. कोट कड्यावरून लोटण्यापूर्वी तिथल्या पाटलांनी नाव विचारले. मी युसूफभाईंचे सांगितले. त्यांनी ते मोठ्याने घेतले. त्यांच्या तोंडी ते ईसूपदादा झाले. मागे येताना एका वाडीवर म्हैस व्यालेली होती. तिथली बाई मला म्हणाली, हिला ईसूपदादानं वाचीवलं. मी तिला नाही म्हणालो नाही.

गाडीवर बसताना अंगात कोट घालीन, हा शब्द मी मोडला आहे. साठ उन्हाळे पाहिलेल्या तुमच्यापुढे मी काय सांगू, पण कोटाविना कितीही गार वाटले तरी पडल्यावर त्याचीच आठवण आली. भोरच्या चांभाराकडे नवा शिवायला टाकला आहे. तो मला नीट बसेल. जुना खांद्यांत सैल होता, तरी तोच बरा वाटे.

इथे मला बोलायला फारसे कोणी नाही. तुम्ही रागावला असाल तर रागाने लिहा. पण जावईबापूंकडून चार ओळी लिहवून घ्याच. पोस्टमन आमच्या आळीत दुपारी येतो. तोपर्यंत मी बाहेर कुठे जाणार नाही.

तुमचा,
मागच्या बाकावरचा